नदीकाठची बाग पुन्हा लावताना : दहिसरच्या पुराने विचारलेला प्रश्न

२६ जुलै २००५ या दिवसाची आठवण दहिसरकरांना करून द्यावी लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पावसाची नोंद केली. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलीमीटर पाऊस झाला. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला लोक छत्री मिटून घरी जात होते आणि उपनगरांत माणसे पोटमाळ्यावर, बसच्या टपावर, कुणाच्याही ओळखीपाळखीवाचून परक्याच्या घरात रात्र काढत होती. दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी समुद्राला ४.४८ मीटर उंचीची भरती होती. डोंगरावरून उतरणारे पाणी आणि खाडीतून वर सरकणारे पाणी यांची गाठ वस्तीत पडली. दहिसर नदीची लांबी अवघी १२ किलोमीटर. तुळशी तलावाच्या सांडव्यापासून निघायचे, राष्ट्रीय उद्यानाच्या उतारावरून धावत श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण असे करीत मनोरीच्या खाडीला मिळायचे, एवढाच तिचा प्रवास. इतक्या आखूड व तीव्र उताराच्या नदीला पूर येण्यास फार वेळ लागत नाही, आणि लोकांना सावध होण्यास वेळ मिळतही नाही.

त्या पुरात काय काय गेले याच्या याद्या नंतर झाल्या. महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे दगावली. धान्य, भांडीकुंडी, शिधापत्रिका, मुलांची वह्यापुस्तके, तबेल्यांतील म्हशी यांची मोजदाद झाली, निदान तसा प्रयत्न तरी झाला. परंतु एका गोष्टीची नोंद कोणत्याही पंचनाम्यात नसते, ती म्हणजे सामाईक बाग. इमारतीच्या मागच्या बाजूला चार कुटुंबांनी मिळून राखलेला वाफा, नदीच्या काठाने रहिवाशांनी लावलेली झाडांची रांग, शाळेच्या किंवा चर्चच्या आवाराच्या कडेला मुलांनी वाढवलेली केळी-कर्दळी, यांचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. नुकसानभरपाई मालकाला मिळते. जिथे मालक नाही तिथे नुकसानही नाही, असा सरकारी कागदाचा हिशेब आहे. म्हणून अशी बाग पुन्हा उभी राहते ती केवळ स्वयंसेवकांच्या श्रमांवर. हे श्रम नेमके कशासाठी खर्ची पडतात, हा या लेखाचा विषय आहे. कारण दरवर्षी तीच बाग तशीच लावायची आणि दरवर्षी ती वाहून जाताना पाहायची, याला सेवा म्हणावे की अपव्यय, हे एकदा स्वच्छपणे विचारले पाहिजे.

प्रथम श्रमांविषयी. पुरानंतरची बाग म्हणजे छायाचित्रांत दिसते तशी हातात रोपटे घेऊन हसणारी माणसे नव्हेत. पहिले काही दिवस रोपट्याचा संबंधच येत नाही. फावडे, टिकाव, घमेली आणि गोणपाट यांचेच ते काम असते. झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेले प्लास्टिक, फाटक्या गाद्या, काचा, राडारोडा हे सर्व आधी हाताने वेचावे लागते. दहिसर नदीत वर्षानुवर्षे तबेल्यांतील शेण आणि वस्त्यांचे सांडपाणी उतरत आले आहे, त्यामुळे पुराने आणलेला गाळ दिसायला काळाभोर, सुपीक वाटला तरी तो रोगट असतो. २००५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली, ती उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून. पायाला साधे खरचटलेले असताना अनवाणी चिखलात उतरणे जिवावर बेतू शकते, हे तेव्हा अनेकांना प्रथमच समजले. आपल्याकडे उत्साहाच्या भरात तरुण मंडळी आजही अनवाणी उतरतात. गमबूट आणि हातमोजे ही चैन नाही. ताप आला तर आपण पुराच्या चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना सांगावे, ही सूचना प्रत्येक गटप्रमुखाने कामाच्या आधी द्यायला हवी.

गाळ उपसला की लगेच पालेभाजी पेरण्याचा मोह होतो. तोही आवरावा. मैला मिसळलेल्या मातीतील पालक-माठ कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाणे धोक्याचे असते. ताजे शेणखत घातल्यावर साधारणतः चार महिने थांबण्याचा जो शहाणपणा सेंद्रिय शेतीत पाळला जातो, तोच येथेही लागू आहे. तोवर त्या जागेत ताग, धैंचा पेरून मातीत गाडावा, कडेने कर्दळ आणि वाळा लावावा. वाळ्याची मुळे खोल जातात व काठ धरून ठेवतात. मोठ्या झाडांत करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन ही पाण्याकाठची मंडळी आहेत. पाय ओले झाले म्हणून ती कुरकुरत नाहीत. हौसेने लावलेला गुलमोहर मात्र वादळात आधी आडवा होतो. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा नोंदवला गेला, आणि रस्तोरस्ती उन्मळून पडलेल्या झाडांपैकी कित्येकांच्या बुंध्याशी काँक्रीटचा गळफास होता. झाड पडले असे आपण म्हणतो. मुळांना श्वास घेण्यास जागा न ठेवता ते आपण आधीच पाडून ठेवलेले असते.

बागकामाची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून थोड्या जागेत, पालापाचोळ्यापासून कसदार माती घडवण्याचे प्रयोग महाराष्ट्रभर पोहोचवले. त्याच वाटेवर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली. पुरानंतर नवी माती विकत आणण्यापेक्षा ती घरोघरच्या कचऱ्यातून तयार करणे स्वस्त पडते, आणि महत्त्वाचे म्हणजे त्या निमित्ताने दहा घरे एकमेकांशी बोलू लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दहिसर नदीसाठी स्वेच्छेने राबणाऱ्यांची संख्या कमी नाही. ‘रिव्हर मार्च’ या नागरिकांच्या चळवळीने दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांचा विषय लावून धरला. २०१८ साली त्यावर एक गीतही चित्रित झाले, ज्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व त्यांच्या पत्नी अमृता फडणवीस दिसल्या. गीतावरून तेव्हा बरीच टीकाटिप्पणी झाली. गीत बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. ज्या प्रवाहाला लोक बिनदिक्कत ‘नाला’ म्हणू लागले होते, त्याला पुन्हा ‘नदी’ म्हणण्याची सवय या मंडळींनी लावली. नाव बदलले की कायदाही बदलतो, कारण नाल्याला भिंत घालतात आणि नदीचे पात्र व पूररेषा विचारात घ्यावी लागते.

दुर्दैवाने प्रत्यक्षात भिंतच अधिक घातली गेली. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास करवून घेतला, त्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ साली आला आणि बरीच वर्षे तो कपाटात राहिला. जुनी व्यवस्था ताशी २५ मिलीमीटर पावसासाठी आखलेली होती, ती ५० मिलीमीटरपर्यंत वाढवावी असे त्यात सुचवले होते. २००५ च्या प्रलयानंतर तो अहवाल बाहेर काढला गेला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीनेही २००६ मध्ये आपले निष्कर्ष दिले. मग नद्यांचे खोलीकरण, रुंदीकरण आणि दोन्ही काठांवर संरक्षक भिंती अशी कामे झाली. खोलीकरण व रुंदीकरण आवश्यकच होते. परंतु भिंतीचा स्वभाव असा की, ती नदीचे पाणी आत कोंडते तसे वस्तीचे पाणी बाहेर अडवते. भिंतीच्या अलीकडे साचलेल्या पाण्याला नदीत जाण्याची वाट राहत नाही आणि भिंतीच्या पलीकडच्या पाण्याला पसरण्यासाठी काठ राहत नाही, त्यामुळे ते अधिक वेगाने खालच्या वस्तीवर, म्हणजे गावठाण व खाडीकडील भागावर जाते.

येथे बागेचे महत्त्व निराळ्या रीतीने ध्यानात येते. नदीकाठची मोकळी, मातीची, झाडांची जागा ही शोभेची वस्तू नाही. पूर आला असता पाणी तासभर, दोन तास जिथे थांबू शकेल अशी ती एकमेव जागा असते. घर बुडाले तर संसार जातो. बाग बुडाली तर आठवडाभराच्या श्रमांत ती परत येते. तेव्हा बाग बुडाली याचे दुःख करण्याऐवजी घराऐवजी ती बुडाली, हे तिचे कामच होते असे म्हणायला हवे. हे मान्य केले की पुन्हा लावण्याची पद्धतही बदलते. बागेभोवती उंच कठडा नको, तिची पातळी रस्त्यापेक्षा खाली असावी, पायवाटा फरसबंद नसाव्यात, बाके वाहून न जाणारी हवीत, अवजारांची खोली उंचावर हवी. दर काही वर्षांनी ही बाग पाण्याखाली जाणार, हे गृहीत धरूनच आखणी करावी.

नेदरलँड्सने हीच गोष्ट राष्ट्रीय पातळीवर केली. १९९३ व १९९५ च्या महापुरांनंतर त्या देशाने बांध आणखी उंच करण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा परत दिली. नाइमेगेन शहरात वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेण्यात आला, त्यासाठी सुमारे ५० घरे हलवावी लागली, आणि मधोमध तयार झालेल्या बेटावर आज उद्यान आहे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. शहराच्या पूर्वेकडील जमीन खचली, पुराला सखल झाली. सरकारने सुमारे ८,००० घरांची जागा राहण्यास अयोग्य ठरवून बहुतेक मालकांकडून ती विकत घेतली. घरे पाडली गेली, पण परसातली झाडे अनेक ठिकाणी तशीच राहिली. आजही त्या ओसाड गल्ल्यांत सफरचंद आणि अलुबुखार पिकतात व लोक ते तोडून नेतात. कुंपण नाही, घर नाही, फक्त झाडांच्या रांगेवरून इथे कुणाचे परसदार होते ते कळते. नदीकाठचा तो सहाशे हेक्टरचा पट्टा आता हरितपट्टा म्हणून आकार घेतो आहे.

ही उदाहरणे ऐकून दहिसरच्या काठावरही असेच करावे, झोपड्या हटवाव्यात आणि बाग करावी, असे म्हणणारे लगेच भेटतील. त्यांना तिसरे उदाहरण सांगितले पाहिजे. मुंबईच्या प्रलयानंतर सुमारे महिन्याभराने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स शहर ‘कट्रिना’ वादळाने बुडाले. जानेवारी २००६ मध्ये पुनर्रचनेचा एक नकाशा तेथील वृत्तपत्रात छापून आला, त्यात काही वस्त्यांवर हिरवे ठिपके होते. ठिपका म्हणजे भावी उद्यान. त्या ठिपक्यांखाली जी माणसे राहत होती त्यांना कुणी विचारले नव्हते. त्यांतील बरीच अजून परगावी निर्वासित म्हणून दिवस कंठत होती. आपले घर बाग होणार हे त्यांना वर्तमानपत्रातून समजले. संताप उसळला, योजना मागे घ्यावी लागली, आणि त्या शहरात कित्येक वर्षे ‘हिरवा ठिपका’ हा शब्द हद्दपारीसाठी वापरला गेला.

दहिसर-बोरिवलीच्या लोकांना हे परके वाटू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील हजारो झोपड्या हटवण्यात आल्या. ज्यांचे पुनर्वसन झाले त्यांना चांदिवलीला जावे लागले. ज्यांचे झाले नाही त्यांचे काय झाले, हे विचारण्याची उसंत फारशी कुणी घेतली नाही. जंगल वाचले पाहिजे होते हे खरे, आणि आज तेच जंगल नदीचा उगम राखून आहे. परंतु किंमत कुणी मोजली तेही खरे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात नेमके हेच बोट ठेवले होते. शहरांत नीटनेटकी हिरवळ दिसते ती काही ‘सुरक्षित’ भागांत. समाजाने टाकून दिलेली माणसे जिथे राहतात तिथे ती नसते. नदीकाठची बाग गरिबाला उठवून करायची असेल तर ती आधीच्या अन्यायावर लावलेली वेल ठरते. काठावर झोपडी आहे तशी काठावर पक्की इमारत, वाहनतळ, तबेला आणि राडारोड्याने भरलेली जागाही आहे. नदीला जागा द्यायची तर सुरुवात कुठून करावी, हा नैतिक प्रश्न आहे, केवळ अभियांत्रिकीचा नाही. माझे मत स्पष्ट आहे : प्रथम भरावाची आणि वाहनतळाची जागा, शेवटी माणसाचे घर, आणि तेही जवळच, शाळा व रोजगार न तुटता दुसरे घर दिल्यावरच.

कोकणातल्या वाड्यांची कथा आणखी एक गोष्ट शिकवते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. आरंभी भरपाई हेक्टरी दराने ठरली होती. पण तिथल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात, दाटीवाटीने झाडे असतात, त्यामुळे हेक्टरी दराने हाती येणारी रक्कम हास्यास्पद ठरली. ओरड झाल्यावर सरकारने झाडांप्रमाणे भरपाई देण्याचा निर्णय घेतला. त्यातही खरा पेच पैशाचा नव्हताच. आडव्या पडलेल्या झाडांखालून जमीन मोकळी करण्यासाठी हातांची आणि यंत्रकरवतींची गरज होती, आणि लावलेली पोफळ फळ धरेपर्यंतची वर्षे कशी काढायची हा प्रश्न होता. पहिल्या आठवड्यात मदतीला शंभर माणसे येतात. तिसऱ्या वर्षी पाणी घालायला कोण येते, यावर बाग ठरते. हे सूत्र दहिसरच्या काठालाही तंतोतंत लागू आहे.

तिसऱ्या वर्षी माणसे यावीत यासाठी जागेवर त्यांचा काही हक्क असावा लागतो. मुंबईत नेमके तेच संदिग्ध आहे. मोकळ्या जागा संस्थांना देखभालीसाठी देण्याचे महापालिकेचे धोरण अनेकदा बदलले. राजकारण्यांशी संबंधित संस्थांनी मैदानांवर क्लब उभारल्याच्या तक्रारींमुळे ते वादग्रस्त झाले. जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झालेल्या धोरणाला स्थगिती मिळाली व दिलेल्या जागा परत घेण्याचे आदेश निघाले. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, त्यावरही हरकतींचा पाऊस पडला. हरकती रास्त होत्या, कारण ‘दत्तक’ घेतलेली बाग कुलूपबंद झाल्याचा अनुभव लोकांच्या गाठीशी होता. पण या ओढाताणीत खऱ्या स्वयंसेवकांची, म्हणजे ज्यांना ना क्लब हवा ना फलक, त्यांची कुठेच नोंद होत नाही. त्यातच ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जवळजवळ चार पावसाळे नगरसेवकाशिवाय गेले. आता प्रभागाला पुन्हा लोकप्रतिनिधी आहेत. आर-उत्तर विभागातील रहिवाशांनी त्यांच्याकडे मागायचे ते रोपांचे वाटप नव्हे. काठावरच्या कोणत्या जागा मोकळ्या आहेत, त्यांपैकी कोणत्या विकास आराखड्यात उद्यान म्हणून आरक्षित आहेत आणि देखभाल कोण करणार, हे लेखी मागावे.

या परिसरातील ख्रिस्ती समाजाचे नदीशी नाते जुने आहे. मंडपेश्वरची लेणी एकेकाळी दहिसर नदीच्या काठावर होती. नंतर नदीने पात्र बदलले. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तेथे देऊळमाता उभारली, तिचे भग्नावशेष आजही लेण्यांच्या माथ्यावर दिसतात. नदी सरकते, माणसांची श्रद्धास्थानेही बदलतात, याचा इतका बोलका पुरावा फार थोड्या ठिकाणी असेल. ईस्ट इंडियन गावठाणांत भातशेती होती तोवर ऑक्टोबरातला आगेऱ्याचा सण खरोखरीच्या शेतातल्या कणसांनी साजरा होई. आता कित्येक ठिकाणी आशीर्वादासाठी कणसे बाहेरून आणावी लागतात. १८९६ च्या प्लेगनंतर गावागावांतून उभारलेले क्रूस त्या साथीची आठवण आजवर सांगत उभे आहेत. २००५ च्या पुराची आठवण मात्र काही भिंतींवरच्या पुसट रेषेपुरती होती, आणि पुढच्या रंगकामात तीही गेली.

म्हणूनच एक सूचना धर्मग्रामांच्या पदाधिकाऱ्यांपुढे ठेवावीशी वाटते. गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी मिस्सानंतर चिखल नको, सणासुदीला मंडप घालायला सोपे जावे, म्हणून आवारातली माती पेव्हर ब्लॉकखाली गेली. त्या आवारावर पडणारा प्रत्येक थेंब आता थेट गटारात आणि गटारातून नदीत जातो. आवाराच्या सखल कोपऱ्यातला एक भाग, वाहनांच्या चार जागांइतकाही, उकरून पुन्हा मातीचा केला आणि छपराचे पाणी तिकडे वळवले, तर तिथे वाळा, कर्दळ आणि एखादे जांभूळ सहज तगेल. त्यासाठी महापालिकेच्या कुठल्याच धोरणाची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत, मुले गावी जाण्याआधी, दोन रविवारांत ते काम उरकते.